कच्चा टाका

पंचांनी पोरीच्या घेराची कड चिमटीत धरून खाली ओढली आणि तलावाच्या काठी बसलेल्या तिच्या आईचा जीव टांगणीला लागला.

शर्यतीत बाईमाणसाला पहिल्यांदाच उतरू देत होते. पण अट अशी, की पोशाखाला गुडघ्याखाली जाणारा घेर हवाच. पुरुषांना चड्डी पुरत होती. सरावाला हाच घेर पाण्याने फुगून पोरीच्या पायांभोवती गुंडाळला गेला, तेव्हा दोघांनी तिला ओढून बाहेर काढलं. ठसका थांबल्यावर म्हणाली काय, तर "आई, शर्यत मी सोडणार नाही हं!"

म्हणून काल आईने आपल्याच हातची पक्की शिलाई उसवली आणि कच्चे टाके घातले. कोरडं असेतो धरतील, पाण्याची ओढ बसली की सुटतील. घेर गेला तरी आत चड्डी होतीच. पोरीला मात्र सांगितलं नाही. तिला खोटं बोलायला कुठे येतंय!

"शिवण कुणाचं?" पंचांनी विचारलं.

"आईचं."

"मग बघायलाच नको. तिचा टाका म्हणजे काळ्या दगडावरची रेघ!" पंचांनी कड सोडली. त्यांच्या अंगातला कोटही तिनेच शिवलेला होता.

आईच्या शेजारी डॉक्टरीणबाई बसल्या होत्या, धाकट्या लेकीला मांडीवर घेऊन. गिऱ्हाईक असं खट, की एक बटण सैल निघालं तर गल्लीभर बोभाटा.

पोरगी उंच फळीवर जाऊन पुरुषांच्या रांगेत उभी राहिली. शिट्टी झाली. तिने मारलेला सूर इतका सरळ होता, की पाणी फारसं उडालंच नाही. आणि मग ती वर येईना. आईने तोंडात पदर कोंबला. सूट रे मेल्या, सूट!

घेर वर आला. एकटाच. त्याच्या कितीतरी पुढे पोरीचं डोकं निघालं, आणि मग काय विचारता! नुसते हात दिसत होते तिचे. पलीकडचा काठ तिने सगळ्यांच्या आधी गाठला.

"बाद करा हिला!" दुसरा आलेला गडी ओरडला. "घेर काढला हिने!"

पंच काठीला अडकवलेला ओला घेर घेऊन आईसमोर आले. सगळी गिऱ्हाइकं बघत होती.

"बाई, तुमचा टाका उसवला?"

उभ्या जन्मात हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिचा चेहरा लाल झाला.

"उसवला," ती म्हणाली. "हात चुकला माझा. पोरीचा काय दोष त्यात?"

पंच जरा घुटमळले. "काढला तर बाद. उसवला तर... तसा काही नियम नाही. पहिली हीच!" आणि जाता जाता त्यांनी आपल्या कोटाची शिवण हळूच चाचपून बघितली.

डॉक्टरीणबाई आईकडे सरकल्या. आता ही बाई चारचौघांत काय बोलते कोण जाणे, म्हणून आईने मान खाली घातली.

"आमच्या धाकटीलाही पोहायचंय," त्या तिच्या कानाशी म्हणाल्या. "पोशाख तुम्हीच शिवा. आणि हात असाच चुकू द्या."