पासवर्डची खूण

वहिनींच्या यजमानांना जाऊन दोन महिने झाले होते. लेकीचे लहानपणचे सगळे फोटो त्यांच्या खात्यात, आणि पासवर्ड त्यांच्याबरोबर गेलेला. म्हणून मला, कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला, बोलावणं आलं.

पासवर्ड चुकला की खाली खूण दिसायची : ‘आपल्या लग्नाची तारीख’.

वहिनींनी तारीख सांगितली. चुकली.

“पुढच्या दिवसाची टाका,” त्या म्हणाल्या. “ह्यांना दरवर्षी एक दिवस उशिराच आठवायची.”

तीही चुकली. पण आता खाली वेगळीच खूण होती : ‘त्या माणसाला आधी बाहेर पाठव, मग सांगतो.’

खूण आपोआप बदलत नसते. वीस वर्षांच्या धंद्यात मी तरी पाहिलेली नाही.

वहिनींनी केस सारखे केले आणि खुर्ची पुढे ओढली.

“तुम्ही निघा,” त्या हळूच म्हणाल्या. “ह्यांना ताटकळत ठेवलेलं चालत नाही.”