बटणांचा डबा

रक्ताचा अहवाल बघून वॉर्डातला डॉक्टर म्हणाला, “आजी, कोविडशी लढणारी अंगातली फौज थकलीय. रोजची एखादी गोळी चुकतेय का?” शिलाईवर घर उभं केलेली म्हातारी भिंतीकडे वळली. नवरा जाताना एचआयव्ही देऊन गेला होता. गोळ्या घरीच राहिल्या, बटणांच्या डब्यात लपवलेल्या, कुणाला पत्ता नाही. जीव गेला तरी चालेल, सुनेसमोर मान खाली नको. तेवढ्यात नर्सने घरून आलेला तोच डबा आणि सुनेचा फोन हातात दिला. “आई, तुम्ही रोज जेवणानंतर बटण शोधायचात, पण शर्टाला एकदाही लागलं नाही.” “माहीत होतं, तर तोंडाला कुलूप का लावलंस गं भवाने?” “उसवलेलं दिसलं तर गावभर बोंबलायचं नाही, आतून टाका घालायचा. तुम्हीच शिकवलंत.” म्हातारीने डॉक्टरला बोलावलं आणि डबा त्याच्यासमोर उघडला.