मुदत पाचपर्यंत

पाच वाजायला वीस मिनिटं उरली, तरी म्हाताऱ्या लेथवाल्याची चिठ्ठी खिशातच होती.

नोटीस आठवडाभर फाटकावर लागली होती. नशेची सवय असलेल्याचं नाव त्यानं स्वतः किंवा घरच्यांनी आज पाचच्या आत कारखान्याच्या डॉक्टरांच्या पेटीत टाकावं. उपचार कारखाना करील, नोकरी शाबूत राहील. उद्याच्या तपासणीत कुणी सापडला, तर तो कायमचा घरी.

इकडे आड, तिकडे विहीर. नाव दिलं तर पोरगा जन्मात तोंड पाहणार नाही, आणि न द्यावं तर त्याच्या पोटावर पाय.

पोरगा शेजारच्याच लेथवर होता, बापानंच बोट धरून कामाला लावलेला. दोन वर्षांपूर्वी कंबर धरली तेव्हापासून बापाजवळ दुखण्याच्या गोळ्यांची डबी असे. हल्ली ती बघता बघता रिकामी व्हायची. गेल्या आठवड्यात पोराच्या शर्टात त्याच गोळ्या सापडल्या. मुद्देमालासकट चोर! शिवाय डोळे तांबारलेले, जेवणावर मन नाही. परवा दोघांच्या कामात तीन दांडे बारीक कातले गेले, तेव्हा साहेबांपुढे पोरगाच म्हणाला, चूक माझी. बापाचा हात तर तीस वर्षांत मापाला चुकला नव्हता.

दुपारच्या चहाला बापानं त्याला गाठलं. कंबर जास्तच ठणकत होती, म्हणून आधी चार गोळ्या घेतल्या. मग कुठे धीर आला.

"तू स्वतः नाव दे. मी येतो बरोबर."

पोरगा बापाच्या हाताकडे पाहत राहिला. कप बशीवर खुळखुळत होता.

"सकाळीच देऊन आलोय, बाबा," तो म्हणाला आणि त्याला रडू कोसळलं.

पण नशेबाजाच्या शब्दावर कोण विसंबणार? पाचला पाच कमी असताना बाप काळजावर दगड ठेवून डॉक्टरांच्या खोलीत शिरला. पेटी टेबलावर उघडी होती.

"बसा," डॉक्टर हळूच म्हणाले. "तुमच्या घरची चिठ्ठी सकाळीच आली."

त्यांनी कागद पुढे सरकवला. अक्षर पोराचंच होतं, लहानपणी बापानंच हात धरून गिरवून घेतलेलं. बापाचा ऊर भरून आला. पोरगा खरंच बोलला होता. त्यानं डोळे पुसले, चष्मा चढवला.

चिठ्ठीवर नाव बापाचं होतं.