मताची टिकली

रेवदंड्याच्या मंडळानं हायस्कूलच्या मुलांची चित्रस्पर्धा भरवली होती. आवडलेल्या चित्राखाली टिकली चिकटवायची, तेच मत. कल्पिता बाजारात मासळी विकून तशीच पोचली. दारातल्या बाई येणाऱ्या प्रत्येकाला एकेक टिकली देत होत्या, पुरुषांनासुद्धा. हिचं मोकळं कपाळ दिसलं आणि त्यांचा पुढे आलेला हात तसाच मागं गेला. "मावशी, तुम्ही... नुसती चित्रं बघा ना." ती आत शिरली. दहावीतल्या लेकीचं चित्र कोपऱ्यात होतं: दोन पावसाळ्यांपूर्वी समुद्रातून न परतलेली बापाची होडी बंदराला लागतेय. बाकीच्या चित्रांखाली टिकल्याच टिकल्या, इथं एकही नाही. "आये, तुजी टिकली कुठंय?" लेकीनं हळूच विचारलं. "हाय ना," कल्पिता म्हणाली. मनगटावर वाळलेला जिताड्याचा चंदेरी खवला तिनं नखानं सोडवला, जिभेनं ओला केला आणि चित्राखाली अंगठ्यानं दाबून धरला, नीट चिकटेपर्यंत.