डावी सीट

"आधी बॉनेटला हात लाव," लवू मेकॅनिकनं माझ्या नवऱ्याला, जयवंतला, बजावलं होतं. "गरम लागलं तर समज, तुम्ही यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवलीय. स्टार्टिंगचं काहीतरी लफडं असणार."

मुलुंडच्या शेडमध्ये ती लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स कार ताडपत्रीखाली उभी होती. महिनाभर हलली नाही, असं मालक भाऊराव म्हणाले. जयवंतनं बॉनेटवर तळवा टेकला आणि खूश झाला. "गार आहे, नलू."

मी दार उघडून आत हात घातला. डावी सीट गरम होती, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी.

"मे महिना आहे ना," जयवंत म्हणाला. शेडमध्ये ऊन कुठूनच येत नव्हतं.

तो एकटाच हायवेनं विक्रोळीपर्यंत चक्कर मारून आला. भर उन्हातून आला तरी शर्ट कोरडा होता. "झकास पळते. घेऊन टाकू," म्हणत तो भाऊरावांशी बोलायला गेला.

मी त्याच्या सीटवर बसून पाहिलं. तो नुकताच उठला होता, तरी सीट फरशीसारखी गार होती. मग डावीकडच्या रिकाम्या सीटवर तळवा टेकला. ती मघापेक्षा गरम होती.

गाडी इतकी बुटकी की आधाराशिवाय उठता येईना. तेवढ्यात जयवंत परत आला. वाकून हसला आणि त्यानं हात पुढे केला.

"चल, नलू. हात दे."

तो हातही फरशीसारखा गार लागेल, या भीतीनं मी हात मागे घेतले.