राजी येईस्तोवर

“मंग, आलीस न्हवं?” नथूआबांनी विचारलं आणि नारळ लेकीच्या हातात दिला.

नैरोबीपासून सगळ्या प्रवासात राजेश्वरीनं एकच वाक्य घोळवलं होतं. आबा, मी आले, आता कायमची. बॅगेत घराचा नकाशा होता. दोन खोल्या, सैपाकघर आणि आबांना बसायला पुढं पडवी. पण जिथं हे घर उभं राहायचं, तिथं आधीच जंगल उभं होतं.

अकरा देशांतल्या उजाड रानांना पुन्हा जीव आणायच्या कामाचा मेळ घालायचा, ही तिची नोकरी. कुणी कुठं काय केलं, काय जगलं, काय मेलं, कुणाचं बघून कुणी शिकावं, हे सगळं तिच्या टेबलावरून जायचं. सगळ्या देशांना एकच फॉर्म. त्यातला रकाना कोरा ठेवायची सोय नव्हती, मग भरणारा मंत्री असो नाहीतर माळी. या मंडळींची बैठक उद्यापासून लोणावळ्यात भरणार होती. पाहुण्यांना आपल्या मावळातली एक तरी जागा दाखवावी, म्हणून तिनं उपग्रहाची जुनी-नवी चित्रं काढायला लावली. त्यात बेडशाच्या लेण्यांखाली, वाघजाईच्या देवराईला चिकटून एक ठिपका निघाला. दोन एकरांचा, एकोणीस वर्षांत हिरवागार झालेला. तिथं कुठल्याच संस्थेचं काम नोंदलेलं नव्हतं.

सकाळी ती ठिपका शोधत निघाली आणि फोनवरच्या बाणानं तिला आणून सोडलं तिच्याच बांधावर. काखेत कळसा आणि अकरा देशांना वळसा, दुसरं काय. तिनं तिथूनच आबांना फोन केला; लेक आपणहून रानात आली म्हणजे राहायलाच आली, असं धरून ते तासाभरात नारळ घेऊन हजर झाले.

तिला ओळखू आलं नाही, यात तिचा फार दोष नव्हता. दर दोन वर्षांनी ती यायची, पण चार दिवसांसाठी, आणि तीही तळेगावला भावाच्या, आदिनाथच्या फ्लॅटवर. आबा तिथं जाऊन तिला भेटायचे. रानाकडं चल, असं ते कधी म्हणाले नाहीत. म्हातारा रानाला कंटाळला असेल, असं तिला वाटायचं. खरी गोष्ट वेगळी होती. चार दिवसांचं येणं आबा येणं धरतच नव्हते.

हे रान तिच्या चोळीबांगडीचं. बापानं लेकीच्या नावानं बाजूला काढलेलं, खडकाळ, बोडकं. पहिल्यांदा परदेशी निघताना ती म्हणाली होती, दोन वर्षांत येते, मग इथं घर बांधू. आबांनी त्याच दिवशी वाघजाईपुढं शब्द दिला होता, तो त्यांनी तिला आज सांगितला. राजी येईस्तोवर या रानात नांगर घालणार नाही, विळा लावणार नाही, गुरं शिरू देणार नाही. ती येईल तेव्हा तिच्याच हातानं नारळ फोडायचा, की शब्द सुटला. देवीपुढचं बोलणं म्हटल्यावर सगळं गाव त्यात बांधलं गेलं. देवराईतली वाळकी काटकी कुणी घरी नेत नाही, तशी या रानातलीही कुणी नेईना. दोनाची चार वर्षं झाली, चाराची एकोणीस. कारवी दोनदा फुलून गेली. बंगल्यांसाठी प्लॉट पाडणारे मोटारी घेऊन आले आणि तसेच परत गेले. पाखरांनी देवराईतलं बी आणून इकडं टाकलं. हिरडा आला, ऐन आला, जांभळी आल्या. दिवाळीनंतर ठणठणीत कोरडा पडणारा ओढा आता झुळझुळत होता.

राजेश्वरीनं सवयीनं फॉर्म उघडला. तिसरा रकाना होता, काय काम केलं. तिनं आबांना विचारलं. आबा हसले. दर माघात रानाभोवती ते गवत काढून पट्टा मोकळा करत, वणवा आत येऊ नये म्हणून. ते त्यांनी कामात धरलं नाही. वणवा पोत्यानं झोडपताना भाजलेल्या मनगटाचा डागही त्यांनी दाखवला नाही, तो तिलाच दिसला.

“काम कसलं आलंय? तुजी वाट बगितली.”

तिनं तो रकाना कोरा ठेवला.

आबा उठले. आज त्यांनी दाढी केली होती, धुतलेली टोपी घातली होती, कोयत्याला धार लावून आणली होती. ते एका जांभळीपाशी जाऊन थांबले. “नारळ फोड, म्हंजी हिच्यापास्नं सुरवात करू. सैपाकघर हितंच यील न्हवं? बाकीचं सरपण गाव न्हील, लय दिस टपून बसल्यात.”

त्यांना जंगल दिसतच नव्हतं. लेक घरी आली, एवढंच दिसत होतं. आणि तिला तरी दुसरं काय हवं होतं? परमुलखात, काचेच्या इमारतीत बसून तिनं अकरा देशांची रानं हिरवी केली, पण रात्री डोळे मिटले की आबांच्या शेजारी बसून चहा प्यायची ती न बांधलेली पडवीच दिसायची. एका शब्दाचं अंतर होतं. तो शब्द तिच्या ओठांवर आला होता.

बांधावर शेंदूर लावलेला वाघजाईचा दगड होता. राजेश्वरीनं नारळ त्याच्यापुढं ठेवला, तसाच, न फोडता. मग आबांच्या हातातला कोयता हळूच काढून घेतला.

“आबा,” ती म्हणाली, “मी अजून आले न्हाई.”