चवळीखाऊ

“आडनाव काय म्हणालास, बाळा?” गव्हर्नर बान्जुगु त्राओरेंनी गाडीच्या खिडकीतून विचारलं.

“जारा,” सार्जंट म्हणाला.

हुश्श! जीव भांड्यात पडला. राजधानी लष्करानं घेतली होती. गाडी नाक्यावर अडवलेली, समोरच्या पुलापलीकडे सरहद्द. तिकडे निघालेल्या दोन मंत्र्यांना उतरवून शिपायांनी कापसाच्या गोदामामागे नेलं, ते आत्ताच. पाठोपाठ गोळ्यांचे आवाज आले.

पण हा जारा निघाला! आमच्याकडे त्राओरे आणि जारा यांचं थट्टेचं नातं. बाजारात, लग्नात, अगदी मयताच्या घरीसुद्धा एकानं चवळीखाऊ म्हणायचं, दुसऱ्यानं त्याहून वरचढ शिवी द्यायची, आणि दोघांनी खो खो हसायचं. थट्टेला थट्टा मिळाली की संपलं, मग एकमेकांचं रक्त सांडायचं नाही. पूर्वजांची शपथ आहे. ती मोडायची शिपाई काय, राजासुद्धा छाती करत नाही.

“अरे, मग आधी नाही का सांगायचं!” गव्हर्नर मोठ्यानं म्हणाले. “चवळीखाऊ कुठला! माझाच गुलाम आणि मलाच अडवतोस? आज किती पातेली चवळी हाणलीस?”

सार्जंट कागद बघत राहिला.

शेजारी बायको असितान बसली होती. “आणखी बोला,” ती पुटपुटली. “थांबू नका.”

“तुझा आजा चवळीसाठी आमच्या दारात लोळण घ्यायचा! बोल की, मेल्या!”

सार्जंटचे ओठ हलले. आली शिवी, गव्हर्नरांना वाटलं. त्यानं टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला.

“खाली उतरता का, साहेब?”

आयुष्यभर ज्या शब्दासाठी धडपडले, तोच आता ऐकवेना.

“साहेब काय म्हणतोस रे? शिवी दे मला! भावा, एकच दे. तुझ्या पाया पडतो!”

“नाही देता येत, साहेब. आमच्या गावच्या म्हाताऱ्यानं भर सभेत तुम्हाला चवळीखाऊ म्हटलं होतं. राजधानीचे पाहुणे हसले. तुम्ही त्याला तीन महिने आत टाकलंत आणि हुकूम काढलात. देश स्वतंत्र झालाय, आता गव्हर्नरला थट्टेतला भाऊ समजाल तर याद राखा. आमच्या शाळेच्या भिंतीवर तो अजून चिकटवलेला आहे.”

“मी तो मागे घेतो! आत्ता, या क्षणी!”

“कसा घेणार, साहेब? सकाळपासून तुम्ही गव्हर्नर कुठे आहात?”

त्यानं दार उघडून धरलं. मग अदबीनं बाजूला सरकला, मोठ्या माणसाच्या पुढे चालू नये म्हणून.

“आपण पुढे व्हा.”